न शिकवायच्या बायका

सुकेशनीचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. मे महिन्यातलं लग्न. ऊन असं, की मांडवाचं कापडच सावली मागत होतं. नवरदेव मानवतचा. लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि नवरदेवाची आजी बायनाबाई चष्मा लावून माईकजवळ गेली. तिनं धम्मग्रंथातलं एक पान घडाघडा वाचलं, ग्रंथ मिटला आणि सुकेशनीच्या आजीकडं, कुसुमबाईकडं, तो पुढं केला.

"आता तुमी वाचा, इहीनबाई. का चष्मा घरीच ऱ्हायला?"

कुसुमबाईला चष्माही नव्हता आणि अक्षरही. मांडव हसला. कुसुमबाईही हसली, कारण पोरीकडच्यांनी लग्नात हसायचंच असतं. पण परतताना वऱ्हाडाची जीप देवगाव फाट्याकडं वळली तशी ती सुनेला म्हणाली, "राजेश्री, अश्विन पुनवंला इहीनबाईला खिरीला बोलव. त्या दिवशी विहारात पान मी वाचनार."

"तुमी?"

"मंग काय तुजा बाप?"



कुसुमबाईच्या गावात वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पुनवेपासून आश्विन पुनवेपर्यंत, विहारात रोज सांजच्याला ग्रंथ वाचला जातो. माईक लावलेला असतो, त्यामुळं वाचणाऱ्याचा आवाज शिवारात जातो आणि वाचताना झालेली चूकही शिवारात जाते. शेवटच्या दिवशीचं पान म्हणजे मानाचं पान. आजवर ते एखादा मास्तर नाहीतर शिकलेली सूनच वाचत आली होती.

आता कुसुमबाई कधी शिकायला गेलीच नव्हती असं नाही. तीनदा गेली होती. गावच्या शाळेत बालाजी गुरुजी प्रौढांचा साक्षरता वर्ग चालवत. पहिल्या पुस्तकात पहिल्याच पानावर अननस होता. गावात अननस कुणी पाहिला नव्हता, त्यामुळं महिनाभर लोक फळच शिकले. मग वरून हुकूम आला की आधी अक्षर नको, आधी शब्द. नवं पुस्तक आलं, त्यात पहिला शब्द नळ. गावात नळ होता, पाणी नव्हतं. त्यावर एवढी भांडणं झाली की पुस्तक बाजूलाच राहिलं. तिसऱ्या वेळी मोबाईलवरून पैसे कसे पाठवायचे, तिथून सुरुवात. प्रत्येक वेळी अभ्यासक्रम बदलला की वर्ग पुन्हा पहिल्या पानावर. पाचव्या पाठापुढं काय आहे हे गावात फक्त वाळवीला माहीत होतं.

"गुरुजी, ह्ये पुस्तक काऊन बदलतेत?" कुसुमबाईनं एकदा विचारलं होतं.

"सुधारणा असते, मावशी."

"कुनाची?"

गुरुजींनी फळा पुसायला घेतला.

जूनमध्ये कुसुमबाई चौथ्यांदा वर्गात जाऊन बसली. त्याच दिवशी परभणीहून शिवशंकर सर आले. अभ्यासक्रमाची रचना, अंमलबजावणी आणि बदल यांवर ते संशोधन करत होते. माणूस मऊ बोलायचा. त्यांनी जमलेल्या बायकांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि दोन भाग पाडले.

"या दहा जणी प्रायोगिक गट. यांना नव्या अभ्यासक्रमानं शिकवायचं. आणि या दहा जणी नियंत्रित गट."

कुसुमबाई दुसऱ्या गटात होती. तिनं विचारलं, "आमाला काय शिकवनार?"

"काहीच नाही, आजी. तुम्ही जशा आहात तशाच राहायचं. तुम्ही शिकल्या नाहीत, तरच यांचं शिकणं मोजता येईल."

"कवापत्तर?"

"दिवाळीपर्यंत."

कुसुमबाईनं मनातल्या मनात पुनव आणि दिवाळी शेजारी ठेवून पाहिली. पुनव आधी येत होती. "आन् मला शिकायचंच आसंल तर?"

"तर माझं संशोधन बिघडेल," सर हात जोडून म्हणाले. "आजी, तुमचं योगदान फार मोठं आहे."

साठ वर्षं कुसुमबाईनं हे योगदान फुकटातच दिलं होतं. सर निदान चहा देणार होते. दोन्ही गटांना सारखी वागणूक मिळावी म्हणून, शाळेत वर्ग भरला की तेवढाच वेळ नियंत्रित गटानं विहाराच्या ओसरीवर बसायचं, चहा-बिस्किट घ्यायचं आणि काही शिकायचं नाही, असा नियम ठरला. त्यावर लक्ष ठेवायलाही बालाजी गुरुजीच. एका वेळी ते शाळेत शिकवणार होते आणि विहारात न शिकवणार होते.

प्रायोगिक गटात पलीकडच्या गल्लीतली दगडाबाई होती. ती आणि कुसुमबाई एकाच टोळीत खुरपणीला जात. कापसाच्या ओळीत दोघी शेजारी बसल्या की कुसुमबाई सुरू व्हायची.

"दगडे, काल काय शिकवलं?"

"इसरले."

"आसं कसं इसरलीस? सरकारनं तुज्यावर खर्च केलाय!"

दगडाबाई डोकं खाजवायची आणि खुरप्याच्या टोकानं काळ्या मातीत अक्षर काढायची. कधी पाय उलटा, कधी काना गायब. कुसुमबाई ते बोटानं गिरवायची आणि नसलेल्या शंका काढायची. दगडाबाईला उत्तर येत नसलं की दुसऱ्या दिवशी ती वर्गात गुरुजींना विचारायची.

"आगं, तुज्यामुळं मला वर्गात झोप बी घेता येईना," ती म्हणायची.

खुरपणीतलं अक्षर मग चहाबरोबर ओसरीवर जायचं. विहारासमोरच्या धुळीत नियंत्रित गटाच्या दहा जणी ते गिरवायच्या. गुरुजी येताना दिसले की एकीनं झाडू मारायचा. विहारापुढचं अंगण त्या पावसाळ्यात जेवढं स्वच्छ होतं तेवढं कधीच नव्हतं. पुढं गुरुजींना वर्ग सांभाळून मतदार याद्यांच्याही कामाला लावलं आणि झाडूचीही गरज उरली नाही.

ऑगस्टमध्ये व्हायचं तेच झालं. अभ्यासक्रम बदलला. प्रायोगिक गट सातव्या पाठावर पोचला होता, गावाच्या इतिहासात पहिल्यांदा. नवं पुस्तक आलं, जुनी गोळा झाली आणि दहाही जणी पुन्हा पहिल्या पानावर. दगडाबाईनं आपलं जुनं पुस्तक पदराखाली घातलं आणि ओसरीवर आणून टाकलं.

"घ्या. आमच्यात ह्ये आता चालत न्हाई."

"आन् आमच्यात?" कुसुमबाईनं विचारलं.

"तुमाला अभ्यासक्रमच न्हाई, तर बदलनार काय?"

खरंच होतं ते. त्या तालुक्यात बदलाचा त्रास न झालेल्या या दहाच बाया. आठवा, नववा, दहावा पाठ त्यांनी एकमेकींच्या चुका काढत, भांडत, राजेश्रीला अधूनमधून विचारत संपवला. जोडाक्षरांपाशी दोघीजणी रुसून घरी गेल्या आणि बिस्किटासाठी परत आल्या.

आश्विन पुनव आली. बायनाबाई मानवतहून चष्म्यासकट आली. शिवशंकर सरही आले, खिरीचं निमंत्रण त्यांनाही होतं. पांढरं लुगडं नेसलेली कुसुमबाई माईककडं निघालेली दिसली तेव्हा त्यांच्या हातातली वाटी तिरकी झाली.

"आजी, कुठं चाललात?"

"पान वाचायला."

"तुम्ही नियंत्रित गटात आहात!"

"हाव."

"दिवाळीनंतर वाचा ना! पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. माझी चार वर्षं आहेत यात."

"सर, वर्षावास आज संपायलाय," कुसुमबाई म्हणाली. "पुनव काय तुमच्यासाठी मागं सरकनार हाय का?"

ती बसली. पहिली ओळ बोट ठेवून, अडखळत, पण गेली. दुसरी गेली. तिसरीत एका लांब शब्दाशी ती थांबली. माईकवर नुसता श्वास ऐकू येऊ लागला. बायनाबाईनं चष्मा वर सरकवला आणि तोंड उघडलं. पण त्याआधीच मागून आवाज आला, "आगं, खाली जोडलाय त्यो, खाली बग!" दुसरी म्हणाली, "तिला बगू दे की!" तिसरीनं तो शब्दच म्हणून टाकला. नियंत्रित गटाच्या नऊच्या नऊ जणी माना उंच करून ग्रंथात बघत होत्या. शिवशंकर सर खाली बसले.

कुसुमबाईनं पान संपवलं. बायनाबाई म्हणाली, "लय हळू वाचता, इहीनबाई."

"तुमाला समजावं म्हनून," कुसुमबाई म्हणाली आणि खीर वाढायला उठली.

दिवाळीनंतर सरांनी दोन्ही गटांची परीक्षा घेतली. प्रायोगिक गट चौथ्या पाठापर्यंत वाचू शकला, नियंत्रित गट पूर्ण पुस्तक. सर आठवडाभर आजारी पडले. मग त्यांच्या मार्गदर्शकांनी वाट काढून दिली आणि प्रबंधात निष्कर्ष आला, की अध्यापनाच्या अभावाचा अध्ययनावर अनुकूल परिणाम होतो. ही गोष्ट वरच्या लोकांना फार आवडली, कारण ती स्वस्त होती. डिसेंबरातच गावचा वर्ग बंद झाला. चहाही.

दगडाबाईचं पुस्तक अर्ध्यावरच राहिलं. मग ती ओसरीवर येऊन बसू लागली आणि कुसुमबाई तिला पुढचं शिकवू लागली, शिव्या देत. जोडाक्षरं निम्मी झाली होती, तेव्हाच ती तापानं आडवी झाली आणि बाकीची निम्मी राहूनच गेली. दगडाबाई वैजीनाथ काळे १९ जानेवारी २०२५ रोजी, रविवारी सकाळी, सेलूच्या दवाखान्यात वारली.