अर्धा किलो उजेड

चर्चच्या फाटकाला टेम्पोनं मागं येताना धडक दिली, त्याला चार महिने होऊन गेले होते. टेम्पोवाला निघून गेला, फाटक आडवं झालं आणि तेव्हापासून वस्तीतल्या शेळ्यांना उपासनेची गोडी लागली. एस्तेरनं कुंपणाच्या कडेनं लावलेली शेवंती त्यांनी आठवड्यात संपवली. एका रविवारी तर काळी शेळी थेट आत आली आणि सगळे डोळे मिटून प्रार्थनेत असताना पुढच्या मेजावरची फुलदाणी तिनं निवांत रिकामी केली. ‘आमेन’ म्हणून लोकांनी डोळे उघडले तेव्हा ती शेवटचं पान चावत होती.

फाटकाचं काम दिलं होतं कोल्हारच्या हायवेवर वेल्डिंगचं दुकान असलेल्या अजिनाथला. तीस वर्षांचा जुना कारागीर. आसपासच्या निम्म्या खिडक्या नि जिने त्याच्या हातचे. पण फाटकाचं विचारलं की एकच उत्तर, “सोमवारी.” कुठल्या सोमवारी, ते मात्र तो सांगत नसे.

शेवटी एस्तेरचं डोकं फिरलं. एस्तेर शिवणकाम करायची. पंचेचाळिशीची, अंगानं काटक आणि जिभेला धार. तिनं तुरपाईचे चार ब्लाऊज पिशवीत घातले आणि अजिनाथच्या दुकानात जाऊन खुर्ची टाकून बसली.

“फाटक हुईस्तोवर मी हितनं हलनार न्हाई,” तिनं सांगितलं.

“बसा की ताई, कोन नको म्हनतंय?” अजिनाथ म्हणाला. त्याला वाटलं, लोखंडाच्या आवाजानं तासाभरात पळेल. ती तीन दिवस बसली. येणारी गिऱ्हाइकं गोंधळायची. एकानं तर पाटीकडं पुन्हा पाहून विचारलं, हितं ब्लाऊजबी शिवून मिळत्यात का?

तिसऱ्या दिवशी अजिनाथनं जुना डाव टाकला. चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाला, “ताई, बसलाच हाय तर जरा मदत करा. चौकातल्या हार्डवेअरमधनं अर्धा किलो वेल्डिंगचा उजेड आना. संपत आलाय.”

एस्तेरनं सुई थांबवली. तिच्याकडं शिवण शिकायला येणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला तिनं पहिल्या दिवशी दुकानातून डावखुरी सुई आणायला पाठवलं होतं. तिनंही चेहरा सरळ ठेवला.

“पांढरा आनू का निळा?”

“निळा,” अजिनाथ म्हणाला आणि हसू लपवायला भिंतीकडं तोंड करून उगाच ग्राइंडर शोधू लागला.

एस्तेर हार्डवेअरकडं गेलीच नाही. घरी गेली. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कपडे शिवताना उरलेली चमकी तिच्याकडं पोतंभर होती. तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा निळ्या चमकीनं काठोकाठ भरला, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली आणि अर्ध्या तासात परत आली.

“एवढाच उरला हुता म्हनला,” डबा अजिनाथच्या हातात देत ती म्हणाली. “पन लगेच उघडू नका. ताजा हाय, सांडंल.”

तीस वर्षांत उजेड आणायला गेलेलं कुणी उजेड घेऊन आलं नव्हतं. अजिनाथ डबा उलटासुलटा करून बघू लागला. एस्तेर उठली आणि गरम होतंय म्हणत तिनं उभा पंखा त्याच्याकडं वळवला. इकडं झाकण निघालं.

पुढचे तीन दिवस अजिनाथच्या मिशीतून, कानातून, भुवयांतून निळा उजेड पडत होता. एका घरी खिडकीचं माप घ्यायला गेला, तर घरातली म्हातारी म्हणाली, “नाटकात काम धरलं का रं?” पण त्या वेळी, दुकानात, त्यानं आधी तोंडात गेलेली चमकी थुंकली. मग त्याला हसू फुटलं आणि हसता हसता तो जमिनीवर बसला.

“ताई, हात टेकले,” डोळे पुसत तो म्हणाला. “काय पायजे तुमाला?”

“फाटक.”

“ते सोमवारी. दुसरं काय?”

एस्तेर तीन दिवस तुरपाई करत होती, पण तिचं लक्ष सगळं त्या ठिणग्यांकडं होतं. दोन वेगळे तुकडे, मधे तो डोळे दिपवणारा ठिपका, आणि क्षणात एकच लोखंड. तिनं अजिनाथच्या हातातल्या, रॉड पकडायच्या होल्डरकडं बोट दाखवलं.

“ते एकदा माज्या हातात द्या.”

पहिल्या दिवशी रॉड लोखंडाला असा चिकटला की सुटता सुटेना. एस्तेर ओढतेय, लोखंड टेबलावरून सरकतंय आणि अजिनाथ ओरडतोय, “ओढू नका, मुरगाळा!” दुसऱ्या दिवशी तिच्या नायलॉनच्या साडीला ठिणग्यांनी चाळणी केली. तिसऱ्या दिवशी मुखवट्याच्या काळ्या काचेआडून न बघता ती उघड्या डोळ्यांनी बघत राहिली आणि संध्याकाळी डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखं झालं. नवरा जोसेफ साखर कारखान्यातली पाळी संपवून घरी आला, तेव्हा ती बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून आडवी झाली होती.

“भाजी कुठं हाय?” जोसेफनं विचारलं.

“डोळ्यावर.”

पण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, या वेळी सुती पंजाबी ड्रेस घालून. अजिनाथनं दोन पट्ट्या जुळवून ठेवल्या. “आधी दोन्ही टोकांना टाका मारा. मग मधली शिलाई धरा.”

“टाका?”

“टाकाच म्हनत्यात त्याला.”

“मंग आदी बोलला का न्हाईत?” एस्तेर वैतागून म्हणाली. “चार दिवस मला वाटलं मी लोखंड शिकतीया!”

त्यानंतर तिचा हात बसला. कापड पुढं सरकवायच्या जागी हात पुढं सरकवायचा, एवढाच काय तो फरक. पंधरा-वीस दिवसांत तिची रेघ अशी यायला लागली की वरची काळी खपली हातोडीच्या एका टोल्यात भुईमुगाच्या टरफलासारखी सुटायची आणि खाली चकचकीत, एकसारखी शिलाई.

अजिनाथची रेघ मात्र तशी येत नव्हती. एस्तेरच्या ध्यानात आलं ते याच दिवसांत. एका स्टुलाचा पाय जोडताना त्याची रेघ जोडापासून बोटभर बाजूनं गेली. काच मळलीय, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही काच मळलेलीच होती. एस्तेरनं ती स्वतः पुसली होती.

ती चार पावलं लांब उभी राहिली. “भाऊ, कात्री माज्या कंच्या हातात हाय?”

“उजव्या.”

कात्री पिशवीत होती. दोन्ही हात रिकामे होते.

अजिनाथ खाली बसला. मिशीत अजून चमकीचा एक कण होता. “मोतीबिंदू,” तो हळू बोलला. “दोनी डोळ्यांत. बारकं काम अंदाजानं हुतं. फाटक एवढं मोठं, चार बाजू सरळ यायला पायजेत. चुकलं तर समद्या गावाला दिसंल.”

“मंग आपरेशन करा की.”

“डोळ्यात सुई घालत्यात म्हनं.”

तीस वर्षं आगीशी खेळलेला माणूस सुईला घाबरून चार महिने सोमवार मोजत होता. दुसरी कुठली वेळ असती तर एस्तेरनं त्याला सोडलं नसतं. पण त्याचा चेहरा बघून ती जवळ आली. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्या पुढं ठेवला आणि शेजारी बसली.

“असं करू,” ती म्हणाली. “तुमी मापं सांगा, म्या जोडते. फाटक लागलं की तुमी दवाखान्यात जायचं. सुई मारायला लागली तर मला बोलवा, सुईला म्या सांगते.”

“आन चर्चच्या कमिटीचे गुरुजी? त्यांना कळलं तर बाईच्या हातचं फाटक घ्यायचे न्हाईत.”

“गुरुजींना सांगतंय कोन?”

अजिनाथचा खाकी लांब कोट तिला गुडघ्याखाली येत होता. हातात चामड्याचे मोजे आणि डोक्यावर तोंड पुरतं झाकणारा मुखवटा. हायवेवरून बघणाऱ्याला वाटावं, अजिनाथच काम करतोय. खरा अजिनाथ मागच्या खोलीत पत्र्याआड बसून मापं सांगायचा. येणारे-जाणारे हात करायचे, एस्तेरही हात करायची. एक जण मोटरसायकल थांबवून म्हणाला, “भाऊ, लई बारीक झालात! शुगर तर न्हाई ना?” तिनं गंभीरपणे मान हलवली.

आठव्या दिवशी कमिटीचे सेक्रेटरी इमॅन्युएल गुरुजी स्वतः पाहणीला आले. निवृत्त मुख्याध्यापक. जोडाजोडावर बोट फिरवून बघू लागले.

“वा, अजिनाथ! हात परत आला की तुझा,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं, म्हातारा झालास.”

मुखवट्यानं मान डोलावली.

“ती एस्तेर रोज इथे येऊन बसते म्हणे. त्रास देते का?”

मुखवटा क्षणभर थांबला. मग जोरात इकडून तिकडे हलला.

“नसेल देत, पण जपून राहा. तोंडाची फार फाटकी. आणि शिवण तरी कुठे धड येते? आमच्या मेरीचा ब्लाऊज असा घट्ट केला की, ती बिचारी नाताळभर श्वास रोखून होती.”

मुखवट्याआड एस्तेरचे कान तापले. मेरीबाईंनी माप दिलं ते दिवाळीच्या आधी, आणि मधे त्यांच्या घरी फराळाचे तीन डबे संपले होते. हे आत्ता बोलता येत नव्हतं. तिनं रॉड लोखंडाला असा टेकवला की ठिणग्यांचा सडा थेट गुरुजींच्या चपलांपाशी पडला. गुरुजींनी दोन उड्या मारल्या.

“अरे, बघून! बघून!”

तेवढ्यात मागचं दार उघडलं. आत स्टोव्हच्या आवाजात गुरुजी आल्याचं अजिनाथला कळलं नव्हतं, आणि आता समोर उभे असलेलेही नीट दिसले नाहीत. तो दोन कप चहा घेऊन सावकाश बाहेर आला आणि म्हणाला, “ताई, च्या घ्या. आज गुरुजी यायचं म्हनत हुते, त्या आदी वरची पट्टी उरका.”

गुरुजींनी चहावाल्या अजिनाथकडं पाहिलं, मग मुखवटेवाल्या अजिनाथकडं. परत चहावाल्याकडं. मुखवटा हळूच वर गेला. आत घामानं निथळलेली एस्तेर.

“फराळानंतरचं माप द्यायला पायजे हुतं, गुरुजी,” ती म्हणाली.

गुरुजी चहा न घेताच निघून गेले. फाटक परत पाठवतील, म्हणून अजिनाथ धास्तावला. पण गुरुजींनी दुसराच मार्ग काढला. फाटक बसवलं त्या दिवशी वस्ती जमलेली असताना ते पुढं झाले. “ताकद तपासली पाहिजे,” असं म्हणत खालच्या आडव्या पट्टीवर दोन्ही पाय ठेवून चढले. गुरुजींचं वजन नव्वद किलोच्या पुढं. फाटक वाकलं नाही की कुरकुरलं नाही. ते फक्त निघालं. नव्या बिजागऱ्यांवर ते इतकं अलगद फिरलं की गुरुजी सगळ्या वस्तीसमोरून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, वरची सळई छातीशी धरून, डौलानं वाहत गेले. पोरांनी टाळ्या पिटल्या.

गुरुजी खाली उतरले, चष्मा सरळ केला. “जोड ठीक आहेत,” म्हणाले.

रविवारी उपासनेत त्यांनी सूचना वाचली. फाटकाचं काम एका कारागिरानं उत्तम केल्याबद्दल मंडळी आभारी आहे. बायकांच्या बाजूनं मेरीबाईंचा आवाज आला, “कारागिराला नाव हाय का न्हाई?” गुरुजींनी कागदाकडं पाहिलं, मग बायकोकडं, आणि एस्तेरचं नाव स्पष्ट, मोठ्यानं घेतलं.

अजिनाथ पुढच्या आठवड्यात दवाखान्यात गेला. एस्तेरचा हात धरून गेला आणि आत शिरेपर्यंत तिला शिव्या देत होता. डॉक्टरांनी महिनाभर ठिणग्यांपासून लांब राहायला सांगितलं, तेव्हा दुकानाची किल्ली त्यानं तिच्याकडं दिली.

पहिल्याच सकाळी उसाची ट्रॉली दुकानासमोर थांबली. जोडणीचा दांडा तडकला होता. ट्रॅक्टरवाला उतरला, आत डोकावला. शिलाई मशीन, तिच्याशेजारी वेल्डिंग मशीन, आणि मधे एक बाई.

“मानूस कुठं हाय?”

“मानूस दवाखान्यात हाय,” एस्तेर म्हणाली. “वेल्डर हितं हाय.”

तो डोकं खाजवत उभा राहिला. मागं ऊस वाळत होता आणि कारखाना अजून लांब होता. एस्तेरनं खाकी कोट चढवला, मुखवटा काखेत मारला आणि ट्रॉलीखाली शिरत त्याला म्हणाली, “नुसतं उभं ऱ्हाऊ नका. ती वायर इकडं सरकवा.”

त्यानं सरकवली.