सतरा चिठ्ठ्या

"या सह्या तुमच्याच ना?" अर्ज तपासणाऱ्या मंडळाच्या अध्यक्ष साहेबांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर टाकला.

सतरा चिठ्ठ्या होत्या. दुरुस्त झालेल्या तोफेला सुतळीनं बांधतात तसल्या, तेलाचे डाग पडलेल्या. प्रत्येकीवर तारीख, 'तपासली, ठीक आहे' एवढीच अक्षरं आणि खाली मिस्त्रीची सही.

"माझ्याच, साहेब," मिस्त्री म्हणाला.

"आणि सगळ्या तुमच्या अर्जानंतरच्या. म्हणजे तोंडानं म्हणायचं, शस्त्राचं काम आता मनाला पटत नाही, मला सैन्यातून मोकळं करा. आणि हातानं सतरा तोफा ठाकठीक करून द्यायच्या! असलं कसलं हो मन तुमचं?"

बाजूचे दोन साहेब हसले. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून सगळं उतरवून घेत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण त्या सतरा तोफा माझ्या सांगण्यावरून दुरुस्त झाल्या होत्या.

मी या छावणीच्या कचेरीत सव्वीस वर्षं कारकून आहे. अंगावर वर्दी नाही, खांद्यावर पट्ट्या नाहीत, पण नियमांची पुस्तकं माझ्या कपाटात असतात. साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, कपाट तिथंच. त्यामुळे कुणाला काही अडलं की तो आधी माझ्याकडे येतो. सगळे मला ताई म्हणतात, माझ्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा.

मिस्त्रीही तसाच आला होता, आठ महिन्यांपूर्वी. एकोणिसाव्या वर्षी आपल्या पायांनी येऊन भरती झालेला, अकरा वर्षं तोफा दुरुस्त करणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सरहद्दीवरून नुकताच परतला होता. तिथं बिघडलेली एक तोफ त्यानं जागेवर दुरुस्त केली, नेम जुळवून दिला आणि दुसऱ्या दिवशी गाडीनं पुढच्या गावातून गेला.

"घर नव्हतं, ताई. भिंतसुद्धा नव्हती. चूल तेवढी होती आणि तिच्यावर पातेलं," तो म्हणाला. "मी नकाशा काढून पाहिला. माझा नेम वीतभरही चुकला नव्हता. चूक झाली ती ठिकाण सांगणाऱ्या दुसऱ्याच कुणाची तरी."

"चुकला नाही तर तुझा काय दोष? कुठं मारायचं ते तू थोडंच ठरवलंस?"

"तेच मी स्वतःला सांगून पाहिलं. पटत नाही."

मी पुस्तक काढलं. आपखुशीनं भरती झालेल्याचं मन पुढं बदललं, तर त्यानं अर्ज करावा, अशी सोय आमच्याच नियमांत आहे. तिच्याखालीच लिहिलंय की निकाल लागेपर्यंत अर्जदारानं नेमून दिलेलं काम चोख करावं. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे नीट वाच. काम टाळलंस तर म्हणतील, कामचुकार आहे, अर्ज म्हणजे नुसतं निमित्त. फार तर रेंगाळत कर. पण बोट ठेवायला जागा देऊ नकोस."

"रेंगाळणं जमायचं नाही. आणि वाईट दुरुस्त केलेली तोफ आधी आपल्याच लोकांच्या अंगावर फुटते, ताई. हात लावला तर नीटच करावी लागेल."

आणि त्यानं नीट केलं. आठ महिने केलं. त्याची गालफडं बसली. चिठ्ठीवर सही झाली की वर्कशॉपमागच्या नळावर जाऊन किती तरी वेळ हात धूत बसायचा. मी खिडकीतून बघायचे आणि स्वतःची समजूत घालायचे, की नियमानं वागतोय, वाईट होणार नाही. इतकी वर्षं या कचेरीत काढूनही मी अशी खुळी!

"तुम्हाला कुणी जबरदस्तीनं आणलं होतं का इथं?" अध्यक्ष साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. मी आपणहून आलो. तेव्हा मला पटत होतं."

"उद्या सगळ्यांनाच पटेनासं झालं तर देश कुणी राखायचा?"

मला राहवलं नाही, मी उभी राहिले.

"साहेब, काम चोख करावं हा नियमच आहे. मीच त्याला वाचून दाखवला. त्या सह्या—"

"कारकुनानं लिहिण्याचं काम करावं."

मी खाली बसले आणि तेही वाक्य लिहिलं, शब्दानं शब्द. नंतर कागद सहीला गेले, तेव्हा साहेबांनी ते तांबड्या शाईनं खोडलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. दीड ओळ. 'अर्जदाराची धारणा प्रामाणिक वाटत नाही. अर्ज नामंजूर.' टाइप मलाच करावा लागला. अहो, काम केलं तर ढोंगी, नाही केलं तर गुन्हेगार! मग खऱ्या माणसानं उभं कुठं राहायचं, ते तरी एखाद्या नियमात लिहून ठेवा!

कागद मी स्वतः घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. मिस्त्रीपुढं एक तोफ उघडी पडली होती. त्यानं फडक्याला हात पुसले, कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला.

"म्हणजे निकाल लागला ना, ताई?"

"लागला रे बाबा."

"मग काम करत राहायचा तो नियम आता संपला."

त्यानं पाना खाली ठेवला.

"अरे, वेडा आहेस का? कोठडीत घालतील. आईचा तरी विचार कर."

"आईला मागेच सांगितलंय. ती रडली, पण जा म्हणाली."

तासाभरात दोघं पहारेकरी आले. त्यांच्या मागून त्या तोफेच्या तुकडीचा प्रमुख तणतणत आला. त्याला सगळे पहिलवान म्हणत.

"अकरा वर्षं आमच्या पंगतीला जेवलास. आम्ही तिकडं मरायचं आणि तू सोवळा राहायचास होय रे?"

पहारेकऱ्यांनी मिस्त्रीचे दंड धरले. पहिलवानानं उघड्या तोफेकडे बोट दाखवलं, त्याचा आवाज जरासा उतरला.

"आणि हिचं काय? हिच्यात काय राहिलंय?"

"हिला उडवू नका," मिस्त्री म्हणाला. "धक्का सोसणारी नळी आहे ना, तिला आतून भेग गेलीय. आत्ताच लक्षात आलं. बाहेरून दिसायची नाही. उडवलीत तर तुम्ही कुणी वाचणार नाही."

त्याला घेऊन गेले. पहिलवान वाकून बराच वेळ नळीवरून हात फिरवत राहिला. त्याला काही सापडलं नाही. मग त्यानं फळीवरचा खडू उचलला आणि तोफेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वापरू नये'. तुकडीची आठही माणसं दारात उभी होती. खात्री करून घेऊ या, असं त्यांच्यातलं कुणीही म्हणालं नाही.