भिंतीचा थर

"अजून चपटा," सर म्हणाले. "डोक्यावर आपटला की चेंडू पार उशीसारखा झाला पाहिजे. बघणाऱ्याच्या तोंडून 'वा' निघालं पाहिजे, वा!"

मी चेंडू आणखी दाबला.

"आणि डोकं?" मी विचारलं.

"डोक्याचं काय?"

"जेवढा जोर चेंडूवर, तेवढाच डोक्यावर. चेंडू एवढा दबतोय तर डोक्यालाही काहीतरी होत असणार."

"आलं बघ फिजिक्स!" सर आवाजवाल्याकडे बघून हसले. "बाई गं, हीरोचं डोकं दबत नसतं."

हसता हसता त्यांनी दाताखालचा नखाचा तुकडा जिभेच्या टोकावर आणला आणि फुंकला. तो माझ्या पाटीवर पडला. संगणकाला जोडलेल्या ज्या काळ्या पाटीवर आम्ही चित्रं काढतो, तिच्यावर सरांची नखं मला रोज सापडायची. मी ती कागदाच्या कपट्याने ढकलत असे. बोट लावायचा धीर कधी झाला नाही.

फिल्म छोटीशी होती, अ‍ॅनिमेशनची. एका फुटबॉल क्लबच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला दाखवायची होती. विषय होता क्लबचा एक जुना हौशी खेळाडू. पोटासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि रविवारी मागच्या फळीत खेळायचा. पायात म्हणाल तर फारशी जादू नव्हती, पण वरून आलेला चेंडू कपाळाने परतवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सगळे त्याला टक्कर म्हणत. क्लबच्या अध्यक्षांना फिल्ममध्ये 'प्रेरणा' हवी होती. प्रेरणा हा शब्द ते ढेकर दिल्यासारखा उच्चारत.

टक्करकाकांची धाव कशी होती, खांदे कसे होते, हे बघायला मी त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं. काका खुर्चीत बसले होते. मला बघताच ते धडपडत उठले.

"कुठली लिफ्ट अडकलीय? माणसं आहेत का आत?"

"कोणी अडकलं नाहीये," काकू म्हणाल्या. "ही पोरगी तुमचं चित्र काढणार आहे. बसा."

"माझं? मला काय धाड भरलीय?" काका हसले आणि बसले. थोड्या वेळाने त्यांची नजर पुन्हा माझ्यावर पडली आणि ते पुन्हा उठले. "कुठली लिफ्ट?"

काकूंनी पुन्हा त्याच आवाजात उत्तर दिलं. त्या चिडल्या नाहीत, थकलेल्याही वाटल्या नाहीत. टेबल पुसताना मध्ये आलेला पेला उचलून ठेवावा, तसं ते उत्तर होतं.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"आधी किल्ल्या विसरायला लागले. मग घर. आता माझ्याकडेही कधी कधी ही कोण म्हणून बघतात. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं डोक्यावर मार घेतला, त्यानंही असेल. 'असेल' म्हणाले हं, 'आहे' नाही म्हणाले. शिकलेली माणसं, शब्द जपून वापरतात." त्या हसल्या. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाल्या, "एक दाखवशील?"

"काय?"

"मॅच जिंकली की सगळे ह्यांना खांद्यावर घ्यायचे. खाली उतरवलं की हे मैदानाच्या भिंतीमागे जायचे आणि ओकायचे. एक हात भिंतीवर, एक गुडघ्यावर. मी पाण्याची बाटली घेऊन उभी. तेवढ्यात हेच अध्यक्ष यायचे, तेव्हा ते नुसते मॅनेजर होते, ह्यांच्या पाठीवर थाप मारायचे. 'शाबास, पुढच्या रविवारी वेळेवर ये.' पुढ्यात काय पडलंय ते दिसायचं त्यांना. बूट वाचवून उभे राहायचे ना."

मी वहीत एक भिंत काढली.

"आमची नात आता त्याच क्लबात जाते," काकू म्हणाल्या. "आजोबांसारखी टक्कर देते म्हणून सगळे तिला डोक्यावर घेतात. मी सांगते, बये, पायानं खेळ. तर म्हणते, आजी, तुला काय कळतं खेळातलं? माझं नाही ऐकत ती. पडद्यावर बघितलं तर ऐकेल. तुमच्या सरांना फोनवर सांगितलंय मी. 'नक्की दाखवू काकू, शब्द देतो,' म्हणाले."

ते चित्र मी जीव ओतून काढलं. ओकताना आधी पोट आत जातं, मग पाठ वर उचलते, मान मात्र खालीच राहते. हे नीट कळावं म्हणून मी आरशासमोर उभं राहून करून पाहिलं, इतकं की एकदा खरंच घशाशी आलं. भिंतीचे पोपडे काढले. बाजूला बाटली धरलेला काकूंचा हात आणि चिखलात न मळलेले दोन बूट काढले.

सरांनी बघितलं. "जबरदस्त!" ते म्हणाले. मला बरं वाटलं.

उद्घाटनाच्या सकाळी सरांनी मला बोलावून पूर्ण फिल्म लावली. चेंडू चपटा होत होता, डोकं जसंच्या तसं होतं. खांद्यावरची मिरवणूक झाली. आणि मग टक्करकाका मैदानाच्या मधोमध एकटेच वाकले. एक हात गुडघ्यावर, दुसरा हिरव्यागार गवताला टेकलेला. पाठ उचलत होती, खाली जात होती. मागे व्हायोलिन रडत होतं.

"मैदानाला वंदन," सर म्हणाले. "कसं वाटतंय?"

मला कळायला क्षणभर वेळ लागला. आमच्याकडे एक चित्र म्हणजे पारदर्शक कागदांची चवड असते. भिंत एका थरावर, माणूस दुसऱ्यावर, ओकारी तिसऱ्यावर. नको तो थर बंद करता येतो. सरांनी भिंत बंद केली होती, ओकारी, बाटली आणि बूटही बंद केले होते. मग माणूस जरा पुढे कलता केला, की भिंतीवरचा हात आपसूक गवताला लागला.

"ओकतोय तो," मी म्हणाले.

"आता नाही ओकत."

"त्याची पाठ बघा ना! उमाळा येतोय त्याला."

"हो, भावनेचा!" आवाजवाला मध्येच म्हणाला. "माझ्या तर अंगावर काटा आला."

"काकूंना तुम्ही शब्द दिला होता."

"मग? चित्र आहे की फिल्ममध्ये! तुझी एक रेघ कापली नाही मी." सरांनी नख दातात धरलं. "अध्यक्षांच्या समारंभात ओकारी दाखवू? लोक जेवायला बसणार आहेत नंतर. आणि फिल्म कालच पोचली तिकडे, त्यामुळे आता तोंड पाडू नकोस."

मी मोरीत जाऊन साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. अंगावर पाल पडल्यासारखं होत होतं, आणि पाल मात्र सापडत नव्हती.

हॉलमध्ये नव्या रंगाचा वास कोंडला होता. अध्यक्षांनी दारात माझा हात हातात घेतला आणि सोडेचनात. त्यांचा तळवा ओला, ऊबदार, पिकून मऊ पडलेल्या फळासारखा. "कलाकार! प्रेरणा आहे हो ही," ते म्हणाले. मी हात ओढून घेतला आणि मागच्या बाजूला जागा शोधली. माझ्या पुढच्याच ओळीत काकू होत्या, काका मध्ये, आणि त्यांच्या पलीकडे क्लबचा शर्ट घातलेली नात.

दिवे गेले. वंदनाचा प्रसंग आला आणि हॉलभर टाळ्या पडल्या. नात आजोबांवरून वाकून कुजबुजली, "आजी, आजोबा असं करायचे? मैदानाला? तू कधी सांगितलं नाहीस."

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांची मान हळूहळू एका बाजूला कलली, जणू त्या हाताच्या पुढे काय असायला हवं ते शोधत होत्या.

"नव्हते करत," त्या म्हणाल्या. "ओकत होते. इथे भिंत होती."

"काहीतरीच काय आजी! शू."

शेवटी नावं वर सरकू लागली आणि त्यांच्यामागे सरांनी तोच एक हेडर पुन्हा पुन्हा लावला होता. चेंडू वरून येतो, कपाळावर चपटा होतो, उडतो. पुन्हा येतो. काका तोवर गप्प होते. आता त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. चेंडू यायला लागला की ते हनुवटी छातीशी घ्यायचे, मानेच्या शिरा ताणायचे, डोळे मिटायचे आणि पुढे धडक द्यायचे. हवेत. खुर्ची करकरत होती. लोक उठून टाळ्या वाजवत होते. कोणाचं लक्ष नव्हतं.

काकूंनी आपला तळहात त्यांच्या कपाळावर आडवा धरला. पुढच्या चेंडूला काका त्या हातावर आदळले. त्यांनी हात काढला नाही. त्याच्या पुढच्या चेंडूलाही नाही.

नात पडद्याकडे बघत नव्हती.