किल्ल्यात अडकलेली सोयरीक

सारिकाला समुद्र बघायचाय, हे सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शाळेची सहल निघाली तेव्हा तिच्या बापाने, बारकूने, ‘पुढल्या साली’ म्हणून वाटेला लावलं. कॉलेजात तेच. मुरबाडच्या कारखान्यात नोकरी लागली, तरी ‘एकटीनं नाय जायाचा’. आणि यंदा म्हशाची बैलबाजाराची जत्रा आटोपली तसा हाच बारकू एकाएकी उदार झाला. “चल गो, अलिबागला जाऊन येऊ. दर्या बघू, किल्ला बघू.” शेजारच्या किशोरची इको गाडी सांगितली. आई भागीने भाकऱ्या बांधल्या आणि पिशवीत एक नवी साडी टाकली. बाप असा उदार झाला की पोरीने आधी कारण विचारावं. सारिकाने विचारलं नाही, ती रात्रभर जागीच होती, पहाटे केस धुवायच्या घाईत.

पोचले तेव्हा ओहोटी होती. कुलाबा किल्ला उघड्या वाळूपलीकडे उभा, चालत जावं इतका जवळ. आणि त्याच्या मागे पाणीच पाणी. सारिका बघत थांबली, तर बारकू मागून ढोसायला लागला, “चल चल, आधी किल्ला. दर्या काय पळून जातो?”

घोडागाडीवाला ओरडला, “काका, फार वेळ बसू नका आत, पाणी भरतं!”

“येल तं गुडघाभर येल,” बारकू हसला. “आमी पावसात काळू नदी वलांडतो रे. चढला पाणी, तं घटकाभरात उतरतो.”

डोंगरातल्या ओढ्यावर अख्खा जन्म काढलेल्या माणसाचं शहाणपण ते. समुद्राला ते लागू नव्हतं.

किल्ल्यात गणपतीच्या देवळापाशी, तळ्याच्या कडेला तिघं बसली होती. शहापूरचा लडकूशेठ, त्याची बायको बाईजा आणि मोबाईलमध्ये मान घालून बसलेला मुलगा पंकज. “अरे, तुमी इथं कसं?” बारकू इतक्या मोठ्याने चकित झाला, की गावच्या नाटकात त्याला कोणी शिपायाचंही काम दिलं नसतं. भागीने खाली मान घातली. “साडी नेसून घे गो,” ती हळूच म्हणाली. तेव्हा सारिकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने साडी घेतली नाही.

बाईजाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “जरा त्या पायऱ्या चढून ये गो. वरून दर्या कसा दिसतो, सांग आमाला.”

परक्या बाईला तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून ती उठली. अर्ध्या पायऱ्या चढून वळून बघते, तर सगळ्यांच्या नजरा तिच्या पावलांवर. म्हशाच्या बाजारात बैल घेण्याआधी असाच चालवून बघतात. लंगडत तर नाही ना, पाय नीट टाकतो ना. सारिकाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“म्हशाला बोललो तेच, बारकूशेठ,” लडकूशेठ सुपारी काढत म्हणाला. “आमाला पोर पसंत. तिचा होकार हायच म्हणता, तं देवासमोर सुपारी फोडून टाकू.”

“कोणाचा होकार?” सारिका वरूनच ओरडली.

“गप गो!”

“दर्या दाखवतो बोललात ना, बाबा? लहानपणापासून एवढा एकच मागितला मी. तोबी फसवून दिलात?”

ती तरातरा उतरली आणि दरवाजाकडे चालू लागली. भागी उठत होती, बारकूने तिला हाताला धरून खाली बसवलं. “बस. जाते कुठं? राग उतरला की येल.”

वाळू बुडायला लागली होती. बाकीची माणसं घाईने परतत होती, त्यांच्यात सारिका चालत राहिली. पाणी घोट्याला आलं, मग गुडघ्याला. किनाऱ्यावर पोचून तिने मागे पाहिलं, तर वाट नव्हतीच.

बऱ्याच वेळाने बारकूचा फोन आला. “सारिके, पाणी उतरतच नाय गो. आमी घटकाभर थांबू बोललो, तं चढतच चाललाय.”

“भरती हाय ती. पुरती भरली की बोट येल, इथली माणसं सांगतात. तोवर बसा.”

“कोणासंगती बसू? ही माणसं तोंड फिरवून बसलीत. मी बाजूला येऊन बोलतोय, आता त्यांच्यात जाऊन फोन मोठ्यानं लावतो. तू फक्त बोल, डोकं दुखत होता म्हणून निघाली. बाकी होकार हाय. माझी इज्जत तुझ्या हातात हाय, पोरी.”

इज्जत! ओल्या सलवारीने वाऱ्यात कुडकुडत होती, तरी सारिकाच्या कानशिलातून वाफा निघाल्या.

पलीकडे फोन मोठ्याने लागला. “लडकूशेठ, ऐका,” ती म्हणाली. “माझा होकार म्हशाच्या बाजारात बाबांनी दिला. मला कोणी इचारलाच नाय. माझा नकार हाय.”

जायला वाटच नव्हती, नाहीतर लडकूशेठ तिथल्या तिथे उठून गेला असता. मग भागीचा आवाज आला. “पोर खरा बोलते. इचारला नाय. मलाबी नवता इचारला माझ्या टायमाला.” आणि फोन बंद झाला.

बोट आली. पाहुणे एका टोकाला, बारकू दुसऱ्या टोकाला. पाहुणे आपल्या गाडीत बसून गेले. भागी चपला हातात घेऊन वाळूत बसलेल्या सारिकापाशी आली.

“तुला ठाऊक होता ना, आये?”

“होता.”

“मग सकाळीच का नाय बोललीस?”

“घाबरले,” भागी म्हणाली.

सारिकाचा राग गेला नाही. तिने आईला जवळ घेतलं नाही, पण बसायला जागा दिली. भागी वाळूत बसली.

“चला, चला, गाडीत बसा,” बारकू लांबून खेकसला. “लांब जायाचाय.”

“तुमी बसा गाडीत,” सारिका मागे न वळता म्हणाली. “मी दर्या बघायला आलेय. अजून बघून झाला नाय.”

बारकूने भागीकडे पाहिलं. ती उठली नाही. मग तो इकोला टेकून उभा राहिला, आणि पार अंधार पडेपर्यंत उभाच राहिला.