काळीज म्हणजे मीच

मी यकृत बोलतोय. जुनी माणसं मला काळीज म्हणतात. पण कुणाचं काळीज तुटलं की सहानुभूती मिळते हृदयाला. राबतो मी, नाव त्याचं. असो.

माझा मालक जमिनी मोजतो. कमरेएवढ्या गवतात हिंडताना त्याला गोचीड चावली. मांडीवर लाल वर्तुळ उमटलं, ताप आला, गुडघे धरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोचिडीतून होणारा लाइमचा आजार आहे. अँटिबायोटिक सुरू झालं. रक्तात माझी एन्झाइम्स थोडी वाढलेली दिसली. "या आजारात असं होतं, यकृताला जपा," असं त्यांनी बजावलं.

मालकाच्या आईने लगेच मावशीला फोन लावला. "अगं, याच्या काळजाला सूज आलीय."

मावशीला वाटलं, हृदयच. तिने हृदयाला बळ देणारा काढा पाठवला. मालक तो दोन्ही वेळा इमानेइतबारे घेऊ लागला. काढा हृदयाचा असो नाहीतर केसांचा, पोटात गेलेलं सगळं आधी माझ्याच दारात येतं. माझ्या नाकी नऊ आले.

पुढच्या तपासणीत आकडे पाचपट झाले. बाईंनी अहवाल दोनदा वाचला. "वेगळं काही घेताय का? नसाल, तर हे औषध थांबवावं लागेल."

उपचार अर्धवट राहिला असता तर आजार सांध्यात मुरला असता आणि मालकाचं रानातलं काम सुटलं असतं. तरी तो म्हणाला, "यकृतासाठी काहीच घेत नाही." लबाडी नव्हती त्यात.

शेजारी बसलेल्या आईला राहवेना. "अरे, मावशीचा काढा?"

"तो काळजासाठी आहे, आई."

"अहो, काळीज म्हणजे यकृतच," बाई म्हणाल्या. "काढा आजच बंद. यकृताला आधार द्यायचा म्हणजे त्याच्यावरचं ओझं कमी करायचं." त्यांनी अँटिबायोटिक चालू ठेवलं आणि दर आठवड्याला रक्त तपासलं.

महिन्याभरात माझे आकडे ताळ्यावर आले. विचारणाऱ्या बाईंचे आणि गप्प न बसणाऱ्या आईचे उपकार मी विसरणार नाही. मावशीवरही राग नाही. तिची माया खरी होती, फक्त पत्ता चुकला.

काल मालक पहिल्यांदा मोजणीला जाऊन आला. आईने त्याच्या छातीवर हात ठेवला. "काळीज कसं आहे रे?"

त्याने तो हात उचलून उजव्या बरगडीखाली ठेवला. "इथं विचार, आई."

बरं आहे, माउली. अगदी बरं आहे.