उदगीरचा अर्ज

आनंदराज हनमंते नांदेडच्या रेल्वे विभागीय कार्यालयात कारकून होते. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या टेबलावरून एक कागद कधी गहाळ झाला नव्हता. त्यामुळे मुलीच्या प्रवेशाची कामं ते स्वतः बघणार म्हटल्यावर घरी सगळे निर्धास्त झाले.

दिपाली लातूरला वसतिगृहात राहून बारावी झाली. नीटला तिला बरे मार्क पडले. एमबीबीएस हुकलं, पण डेंटल मिळण्यासारखं होतं आणि आनंदराजांनी मनातल्या मनात दारावर पाटीही लावून टाकली होती. दिपालीला मात्र गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. किनवटकडं तिच्या मावशीचं गाव. तिथं एका उन्हाळ्यात म्हैस अडली, तेव्हा तालुक्याहून एक डॉक्टरीणबाई मोटारसायकलवर आल्या, खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी रेडकू फिरवलं आणि बाहेर काढलं. दोन्ही जीव जगले. तेव्हापासून पोरीच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

आनंदराज तोंडावर नाही म्हणाले नाहीत. दोन्ही अर्ज भरून ठेव, पुढचं पुढं बघू, एवढंच म्हणाले.

पशुवैद्यकीयच्या अर्जात तिनं पहिली पसंती उदगीरच्या कॉलेजला दिली. सगळे दाखले जोडले. शेवटची पायरी तेवढी राहिली होती. आनंदराजांच्या मोबाईलवर ओटीपी येणार, तो टाकला की अर्ज कायम होणार. शेवटच्या तारखेला ती लातूरला टीसी आणायला गेली होती. तिथून तिनं फोन केला. आनंदराजांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर अर्ज उघडला. ओटीपी आला. सहा आकडे ते बघत बसले. ओटीपीची मुदत संपली, तरी त्यांचा हात हलला नाही. त्यांनी पान बंद केलं. तासाभरानं दिपालीचा पुन्हा फोन आला, झालं का म्हणून. ते झालं म्हणाले.

यादी लागली त्यात दिपालीचं नाव नव्हतं. तिची वसतिगृहातली मैत्रीण, चाकूरची मंजुश्री, हिला एकतीस मार्क कमी होते, आणि तिला उदगीर मिळालं होतं. दिपालीनं यादी चारदा वाचली. मग ती स्वतःचीच चूक शोधायला लागली. जात पडताळणीचा नंबर चुकला असेल, फोटो नीट चढला नसेल. रात्रीच्या जेवणाला ती ताटावर बसली आणि म्हणाली, "पप्पा, माझंच काहीतरी चुकलं. तुम्ही एवढी धावपळ करून राहिलात अन् मी हे असं केलं. माफ करा."

आनंदराजांनी ताट सरकवलं. ते उठले, न्हाणीत गेले आणि नळ सोडून नुसतेच उभे राहिले.

पुढं डेंटलचे कागद आले. ते बोट ठेवतील तिथं ती सही करत गेली, काही न विचारता. ती भांडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

यादी लागल्याच्या बाराव्या दिवशी तिनं उदगीरला जाऊन विचारायचं ठरवलं. पुढच्या वर्षी धाकट्या भावाची अशी चूक होऊ नये म्हणून तरी कळायला हवं, म्हणाली. आईनं आनंदराजांना सोबत धाडलं. एसटीत दिपाली खिडकीशी बसली, मांडीवर कागदांची फाईल. तिथला बाबू आज रजेवर असला तर बरं, असं आनंदराजांच्या मनात आलं. आपण काय इच्छितोय हे ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

जळकोटला गाडी थांबली. माणसं चहाला उतरली. तेव्हा ते बोलले.

"दिपाली, तुझं काही चुकलं न्हाई. अर्ज मी पाठवलाच न्हाई."

"विसरलात?" तिनं विचारलं.

हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं.

"न्हाई. मुद्दाम न्हाई पाठवला."

मग त्यांनी तिला कधी न सांगितलेलं सांगितलं. तिच्या आजोबांना तरुणपणी गावातली मेलेली ढोरं ओढावी लागत. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी ते काम टाकलं, गावाचा राग ओढवून घेतला आणि रेल्वेच्या गँगमध्ये खडी उचलायला लागले. तरी पुढं कित्येक वर्षांनी शाळेत पोरं आनंदराजांना ढोरं ओढणाऱ्याचा म्हणूनच हाक मारत. आपल्या लेकीच्या नावाला ढोरांचा शब्द चिकटू नये, एवढंच त्यांना वाटलं होतं.

चहाला गेलेली माणसं परत चढली. गाडी सुटली, गाव मागं पडलं.

"आजोबांवर ते लादलं होतं," ती म्हणाली. "हे मी निवडलं होतं." आणि थोड्या वेळानं, हळू आवाजात, "बारा दिवस मी स्वतःला दोष देऊन राहिले, पप्पा. अन् तुम्ही बघत राहिलात."



उदगीरच्या कार्यालयात बाबू जागेवरच होते. त्यांनी नंबर टाकून बघितला आणि अर्ज अर्धवट आहे, असं कसं केलंस बाई, असं दिपालीला विचारलं. मागं रांग होती. आनंदराज पुढं झाले.

"तिनं न्हाई. मी केलं. समजून उमजून केलं."

 बाबूंनी कोरा कागद पुढं सरकवला आणि ते लिहून द्यायला सांगितलं. आनंदराजांनी उभ्यानंच लिहिलं. अक्षर कधी नव्हे ते वाकडं आलं. बाबूंनी वाचलं आणि या वर्षी काही होणार नाही, असं दिपालीकडं बघत सांगितलं. आवाजात राग नव्हता, त्यानं आनंदराज आणखीच खाली बघायला लागले.

दिपालीनं डेंटल घेतलं नाही. ती लातूरला परत गेली आणि नीटच्या अभ्यासाला पुन्हा बसली. फोन आईला करायची. आनंदराज महिन्यातून एकदा रविवारी डबा घेऊन जायचे. ती वसतिगृहाच्या फाटकाशी यायची, डबा घ्यायची, आईची विचारपूस करायची आणि आत जायची. रस्त्यापलीकडं थोडा वेळ थांबून ते नांदेडची गाडी धरायचे. वर्षभर हेच चाललं.

दुसऱ्या वर्षी अर्ज तिनं एकटीनं भरला. दुसऱ्या यादीत उदगीर लागलं. प्रवेशाला ती आईला घेऊन गेली. आनंदराजांनी मीही येतो म्हटलं नाही.

त्या दिवाळीला ती घरी आली. स्वयंपाकघरात चकल्या तळणाऱ्या आईला कॉलेजच्या गोष्टी सांगत होती. एका बैलाच्या खुरात खिळा रुतला होता, तो कसा काढला, कसा तो निमूट उभा राहिला. बाहेरच्या खोलीत आनंदराज पेपर पुढं धरून ऐकत होते, पान उलटायचं राहून गेलं होतं.

आतून आवाज थांबला. दिपाली दारात आली.

"ऐकायचं असलं तर आत येऊन बसा," ती म्हणाली.

ते उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले. दिपालीनं गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. त्यांनी अक्षर न् अक्षर ऐकलं, पण मान काही वर केली नाही.