राहीबाईंचा सायरन

ललितने त्या सकाळी फोनवर दीपालीला जे ऐकवलं, त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. उरलेलं एवढंच, की नवापूरच्या घरातला सायरन पुन्हा वाजला, अलार्मच्या पॅनलने पुन्हा आपोआप त्याला फोन लावला आणि तो पुन्हा तारापूरच्या कंपनीतून हातातलं काम टाकून धावला. घरी पाहतो तर आई निवांत भाकरी खात बसलेली.

"आता एकदा उगाच वाजला ना ताई, की मी आईला बोईसरच्या फ्लॅटवर नेणार," तो म्हणाला. "तिची खोली तयार आहे. आणि ते धुराचं यंत्र काढून टाकतो म्हणालात, तरी नेणार. आगीची भीती डोक्यावर ठेवून मी तिला एकटीला राहू देणार नाही."

म्हणजे सायरन वाजला तरी ललितच्या आईचं, राहीबाईंचं घर सुटणार होतं आणि काढला तरी सुटणार होतं. दीपालीने बॅग उचलली आणि नवापूरची वाट धरली.

दीपाली सफाळ्याची. कॅमेरे आणि अलार्म बसवायचं तिचं बोईसरला छोटं दुकान होतं. राहीबाईंच्या दाराखिडक्यांना चोरांसाठीचा अलार्म तिनेच बसवला होता. मग एकदा देवघरातल्या समईने पडदा पेटवला, आणि ललितच्या सांगण्यावरून तिने त्याच पॅनलला धुराचे डिटेक्टर जोडून दिले. चोरांचा अलार्म आपण घराबाहेर पडताना चालू करतो. धुराचा मात्र चोवीस तास जागा लागतो, घरात माणूस झोपलेला असताना तर जास्तच. पॅनलला तिने तसं बजावून ठेवलं होतं.

पण एक चूक तिने केलीच होती. पहिला डिटेक्टर तिने लावला तो थेट स्वयंपाकघरात. कोळ्याच्या घरात चुलीवर डिटेक्टर लावायचा म्हणजे मांजरीपुढे सुकट ठेवून तिला शहाणी हो म्हणायचं. राहीबाईंनी निखाऱ्यावर बोंबील भाजले आणि सायरनने गल्ली डोक्यावर घेतली. स्वतः बोंबील खाऊन वाढलेल्या बाईला हे सुचू नये याची दीपालीला मनापासून लाज वाटली. तिने तो डिटेक्टर मधल्या बोळात हलवला आणि स्वयंपाकघरात फक्त उष्णतेवर वाजणारा दुसरा लावला. त्यावर प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही. सायरन वाजतच राहिला.

राहीबाईंनी तिला पाहताच चहा टाकला. सत्तरीची, काटक, नवऱ्यामागे घर आणि मासळी दोन्ही सांभाळलेली बाई. "माज्यामुळं तुला बोलणी बसली ना गं?" त्या म्हणाल्या, पण नजर चहाच्या टोपावरून हलली नाही.

दीपाली स्टुलावर चढली. तारा घट्ट होत्या, जोडण्या बरोबर होत्या, पॅनल ठणठणीत होतं. मग तिने डिटेक्टर उघडला. आतली जाळी काळी आणि तेलकट झाली होती. तिने ती नाकाशी नेली. बोंबील. स्वयंपाकघर चांगलं दहा पावलं लांब, मधे दार. कुठेतरी पाणी मुरत होतं. ती खाली उतरली आणि फरशीकडे पाहत राहिली. डिटेक्टरच्या अगदी खाली फरशीवर एक गोल, काळपट डाग होता.

"मावशी, शेगडी इथं कोणी आणली?"

"कोण म्हणतं आणली?"

"फरशी म्हणते."

राहीबाईंनी चहा गाळला. एक कप तिला दिला, दुसरा स्वतः घेऊन भिंतीला टेकून बसल्या. "तू ललितला सांगशील."

"आधी मला तर सांगा."

शेजारच्या कमळीचं आणि त्यांचं वाकडं होतं. कमळीने बोंबील सुकवायचे बांबू वीतभर यांच्या अंगणात रोवले, यांनी ते उपटून फेकले, आणि दोघींनी अबोला धरला. पुढे दोघींचे नवरे गेले, पोरं कंपन्यांच्या मागे बोईसरला गेली, पण अबोला जागचा हलला नाही. कोणी आधी तोंड उघडायचं, इथेच घोडं पेंड खात होतं.

"पयल्यांदा तो भोंगा वाजला ना, तवा कमळी धावत आली," राहीबाई म्हणाल्या. "हातात पाण्यानं भरलेली बादली. इकडंतिकडं बघितलं, आग कुठं नाय. मंग तशीच खाली बसली. मी बोंबील पुडं केला. तिनं खाल्ला. बोललो नाय काय. पण बसली होती."

"आणि मग तुम्ही यंत्र हललं तशी शेगडी हलवली."

"ती बोलावल्याशिवाय यायची नाय आणि मी बोलवायची नाय. भोंग्यानं बोलावलं तर कोणाचं नाक खाली होत नाय." त्या थांबल्या. "ललित यायच्या आत मागच्या दारानं जाते ती. त्याला ठाव नाय."

दीपालीला हसू आलं आणि लगेच रागही आला. "मावशी, असं लांडगा आला लांडगा आला करत राहिलात तर खरंच पेटलं त्या दिवशी काय होईल? लोक बादली नाही, ताट घेऊन येतील."

"बाकीच्यांचं नाय सांगत," राहीबाई म्हणाल्या. "कमळी दर खेपेला बादलीच घेऊन येते."

दीपालीचा चहा हातातच राहिला. तिने पॅनलला फक्त ललितचा नंबर दिला होता. तो बिचारा तारापुराहून गाडी दामटत येईपर्यंत घराची राख झाली असती. आणि भिंतीपलीकडे, दरवेळी फसूनही दरवेळी भरलेली बादली उचलणारं माणूस होतं, त्याला पॅनल ओळखतच नव्हतं. चूक शेगडीची होती तेवढीच तिचीही होती.

तिने ललितला फोन लावला. शेगडीबद्दल चकार शब्द काढला नाही, तो राहीबाईंचा विषय होता. एवढंच म्हणाली, की पहिला फोन आता कमळीमावशींना जाईल, त्यांनी नाही उचलला तरच तुम्हाला; दुपारी तपासून बघते.

ललित हसला. "त्या आमच्या दारात पाय ठेवत नाहीत. करा, बघू. पण त्यांनी नाही उचलला, तर रविवारी मी टेम्पो घेऊन येतो."

कमळी ओट्यावर करंदी, ती बारीक कोळंबी, सोलत होती. दीपालीने सगळं समजावलं तेव्हा तिने मानही वर केली नाही. "आमचं बोलणं नाय."

"बोलायचं नाहीच. फोन आला की उचलायचा, एकचं बटण दाबायचं म्हणजे यंत्राला कळतं, आणि धावायचं."

"आन् नाय उचलला तर?"

"तर राहीमावशी बोईसरला जातील. कायमच्या."

कमळीचे हात थांबले. लुगड्याला पुसून तिने कमरेचा मोबाइल काढला आणि दीपालीपुढे धरला. "एक कुठला, ते दाव."

दुपार कलली तेव्हा दीपालीने बोळातल्या डिटेक्टरवर तपासणीचा फवारा मारला. लाल दिवा लागला, सायरन केकाटला, आणि शेजारी फोनची घंटी ऐकू आली. मग ती थांबली. राहीबाई दाराची चौकट घट्ट धरून उभ्या होत्या. पुढच्या दाराने कमळी आत आली, एका हातात बादली, दुसऱ्या हातात मोबाइल, पाणी सांडत. दीपालीने सायरन बंद केला.

घर एकदम शांत झालं. कमळीने पाहिलं, आग नव्हती. शेगडीही नव्हती, बोंबीलही नव्हता. बसायला काही निमित्तच उरलं नव्हतं. बादली तशीच हातात धरून ती वळली.

दीपाली स्टुलावर उभी राहून आधीच घट्ट असलेला स्क्रू पिळत राहिली. या क्षणी तोंड उघडायचं नाही, हे तिला कळत होतं, आणि ते तिला फार जड जात होतं.

"कमळे," राहीबाई म्हणाल्या. आवाज फाटला, म्हणून त्यांनी पुन्हा हाक मारली. "कमळे, बस ना. बोंबील भाजते."

कमळी पाठमोरीच उभी राहिली. मग तिने बादली खाली ठेवली. "आत नको," ती म्हणाली. "अंगणात भाज. या पोरीचं यंत्र परत बोंबलेल."

शेगडी अंगणात पेटली, सगळ्या गल्लीदेखत. कमळीने घरून तांदळाच्या भाकऱ्या आणल्या. दोघी फार काही बोलत नव्हत्या. मीठ कमी आहे, वारा फिरला, एवढंच. दीपालीलाही खाली बसवलं गेलं आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

तेवढ्यात राहीबाईंचा फोन वाजला. ललित होता.

"आई, तपासणी झाली का? मला फोन आलाच नाही. सायरन बंद पडला की काय?"

"वाजला की. कमळीनं उचलला."

"कमळीमावशींनी?" ललितने खात्री करून घेतली. "मग आता कुठे आहेत त्या?"

"हितंच हाय. जेवतेय." राहीबाईंनी निखाऱ्यावरचा बोंबील उलटला. "ती खोली कोणाला तरी भाड्यानं देऊन टाक."

"बरं," ललित म्हणाला. "रविवारी येतो मग. टेम्पो नाही आणत. नुसता भेटायला."

"ये," राहीबाई म्हणाल्या. "पण आदी फोन करून ये. आमी दोगी घरात असू का नाय, काय भरवसा नाय."